बोटीनं जायचं, पण कुठल्या?

लातूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "ताई, येत्या माघात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होतील. मी शाळेतून निवृत्त झाले. माझ्या स्वतःच्या पैशातून दोघांनी एकदा बोटीनं फिरून यावं अशी फार इच्छा आहे. मुलगा पुण्याहून जाहिराती पाठवतो. सगळ्यांवर एकच लिहिलेलं, 'राजेशाही थाट, सर्व खर्च समाविष्ट'. यांना रक्तदाब आहे, माझे गुडघे धड नाहीत. दोघं शाकाहारी, दारूला शिवत नाही. हे म्हणतात, लातूरच्या माणसाला बोट कशाला हवी? पैसे बँकेत राहू दे. तुम्हीच सांगा, जावं का? आणि जायचं तर बोट ओळखायची कशी?"

ताई, तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला फार आवडला. साडी घेताना आपण पदर उलगडून, काठ चाचपून, उजेडात धरून बघतो. आणि लाखाच्या घरातली बोट मात्र मोबाइलवरच्या चित्रावरून घेतो! पण आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं बघू.

लातूरच्या माणसाला बोट कशाला? तर लातूरच्या माणसाइतकी पाण्याची किंमत दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वेळी माझ्या नणंदबाई लातुरातच होत्या. टँकर येणार म्हणून हंडे रांगेत लावून पहाटे उठून बसायच्या. आम्ही नांदेडची माणसं गोदावरीकाठची, तरी उन्हाळ्यात नळाची वाट आम्हीही बघतो. अशा माणसांनी आयुष्यात एकदा चहूकडे पाणीच पाणी बघावं, यात चैन कसली? पैसे तुमचे, कमाई तुमची. जावं, जरूर जावं. फक्त डोळे उघडे ठेवून जावं. आमची एकदा कशी फजिती झाली ते सांगते, म्हणजे तुमची टळेल.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. मी, आमचे हे आणि वन्सं असे तिघं निघालो. वन्संचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, त्या एकट्याच असतात. परदेशातल्या एका बंदरातून सुटणारं भलंमोठं जहाज होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष आमच्या घाईचाही होता. जाहिरातीत 'सगळं समाविष्ट' वाचलं, सर्वांत स्वस्त खोली घेतली, आणि तिघांत एकच घेतली. वाटलं, झोपायलाच तर जायचं!

खोलीत जाऊन बघतो तर खिडकी नाही. पलंग दोन, आणि तिसरा भिंतीतून खाली ओढायचा, शिडी लावून चढायचा. साठी उलटलेल्या वन्संना शिडीवर कसं चढवणार? आमचे हे चढले. डोक्यावरच्या मजल्यावर नाचाचा हॉल. रात्री एक वाजेपर्यंत धपधप, धपधप. सकाळी न्याहारीला जायचं तर जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. वन्सं मधेच भिंत धरून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "कुठं नेऊलालीस गं वैनी, लातूर आलं का?"

पहिल्या सकाळी उठून पाहते तर न्हाणीघरातले दोन्ही पेले, पाण्याची बाटली, चहाचे कप, सगळं काठोकाठ भरून झाकून ठेवलेलं. मी विचारलं, "वन्सं, हे काय?" तर म्हणाल्या, "न जाणो, उद्या पाणी नाही आलं तर?" मग मी त्यांना सांगितलं की आता जहाजावर समुद्राचं खारं पाणी यंत्रांनी गोडं करतात, चोवीस तास नळ असतो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आमच्याकडं का नाही गं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटच्या रात्री दाराखालून एक कागद आत आला. बिल! दर माणशी, दर दिवशी सेवाशुल्क. खोलीतल्या सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचे पैसे. एका ठिकाणी कॉफी प्यालो ती निराळी. इंटरनेट निराळं. हसत हसत काढून घेतलेले फोटो निराळे. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला, बोलले काहीच नाहीत. घरी आल्यावर वन्संनी पेन्शनमधून आपल्या वाट्याचे पैसे पाकिटात घालून माझ्या हातात दिले. कुणी मागितले नव्हते. पुढच्या वर्षी कुठं जायचं का विचारलं तर म्हणाल्या, "नको बाई, मी घरीच बरी." खरं सांगते, बिलापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

तेव्हापासून एक वही केली. तिच्यात लिहिलेले प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न: 'सगळं' म्हणजे काय काय?

वहीच्या पानावर मधे रेघ मारा. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर'. मग एजंटाला एकेक विचारा: जेवण कुठल्या कुठल्या हॉलमधलं? चहा-कॉफी? बाटलीबंद पाणी? दारू? सेवाशुल्क, म्हणजे टिप? इंटरनेट? बंदरावर उतरून फिरायची सहल? बंदर-कर? विमानाचं भाडं? तोंडी उत्तर घेऊ नका, लिहून मागा.

साधारणपणे मोठ्या, मध्यम दराच्या जहाजांवर खोली, मुख्य हॉलमधलं जेवण, नाटक-गाणी आणि पोहण्याचा तलाव एवढं भाड्यात येतं. बाकीचं बाहेर. अमेरिकन कंपन्यांच्या अशा जहाजांवर नुसतं सेवाशुल्कच माणशी दिवसाला सोळा ते वीस डॉलरच्या आसपास पडतं. अठरा धरलं तर दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर झाले. हे कुणी जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापत नाही.

खरोखरच 'सर्व समाविष्ट' म्हणता येईल अशा कंपन्या थोड्या आहेत: रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबर्न यांसारख्या. जहाजं लहान, खोल्या ऐसपैस, पेयं आणि सेवाशुल्क भाड्यातच. रीजंटकडे बंदरावरच्या बऱ्याचशा सहलीही भाड्यात येतात. सिल्व्हरसीवर प्रत्येक खोलीला खास सेवक असतो. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, जुगाराचा अड्डा नाही आणि प्रत्येक बंदरात एक सहल भाड्यातच.

पण ताई, इथं एक गोम आहे. 'सर्व समाविष्ट' दरात दारूचा हिशेब मोठा असतो. तुम्ही थेंबाला शिवणार नाही, तरी पैसे मात्र त्याचेही देणार. म्हणजे बासुंदी-पुरीच्या ताटाचे पैसे भरायचे आणि वरण-भात खाऊन उठायचं! तुमच्यासारख्या जोडप्याला कमी समाविष्ट असलेली बोट आणि तिच्यावर चांगली खोली हाच पुष्कळदा फायद्याचा सौदा ठरतो. दोन्हीकडचा हिशेब सारखा करून बघा: भाडं अधिक 'बाहेर'च्या रकान्यातला सगळा खर्च, त्याला भागिले माणसं, भागिले रात्री. दर माणशी, दर रात्री काय पडतं ते एकाच नजरेत कळतं.

दुसरा प्रश्न: जहाज केवढं आणि त्यात माणसं किती?

लग्नाचं कार्यालय बघताना आपण काय विचारतो? हॉल केवढा आणि पानं किती. तेच इथं. प्रत्येक जहाजाचं 'ग्रॉस टनेज' जाहीर असतं. नाव टनेज असलं तरी ते वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागायचं. आकडा जितका मोठा, तितकी दर माणशी जागा जास्त.

उदाहरणं बघा. एका खोलीत दोघं धरून, रीजंटच्या 'सेव्हन सीज एक्सप्लोरर'चं माप सुमारे ५५ हजार आणि प्रवासी साडेसातशेच्या आसपास, म्हणजे आकडा सत्तरच्या वर. 'व्हायकिंग स्टार' सुमारे ४८ हजार, प्रवासी ९३०, आकडा एक्कावन्नच्या जवळ. २०२४ साली सुरू झालेलं प्रचंड 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे २ लाख ४८ हजार, प्रवासी ५,६००, आकडा चव्वेचाळीस. आणि आपल्या मुंबईहून फिरणारं 'एम्प्रेस' साधारण ४८ हजार, प्रवासी सोळाशेच्या आसपास, आकडा तीस. 'व्हायकिंग स्टार' आणि 'एम्प्रेस' आकारानं जवळजवळ सारखी, पण एकीवर दुसरीच्या पाऊणपट जास्त माणसं. दरातला फरक इथूनच सुरू होतो. त्यात गैर काही नाही. फक्त आपण कशाचे पैसे देतो आहोत ते ठाऊक असावं.

गुडघ्यांसाठी मात्र आणखी एक लक्षात ठेवा. फार मोठ्या जहाजावर दर माणशी जागा असली तरी चालणंही फार. लहान जहाज दुखऱ्या पायांना सोसतं.

तिसरा प्रश्न: खोली कुठं आहे?

हा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि रात्रभर पस्तावतं. जहाजाचा नकाशा मागून घ्या. जहाज हलतं तेव्हा पुढचं आणि मागचं टोक, आणि वरचे मजले जास्त हलतात. झोपाळ्याचं टोक आणि मधला भाग आठवा! म्हणून पोटात ढवळणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली घ्यावी. खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही बघा. वर खोल्या, खाली खोल्या, तर झोप शांत. वर तलाव, नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर असेल तर नको.

लिफ्ट जवळ असावी, पण अगदी दाराशी नको. न्हाणीघराला उंबरा किती उंच, धरायला दांडी आहे का, हे गुडघेदुखीवाल्यांनी विचारावंच. खोलीचे प्रकार साधारण चार: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि मोठी स्वीट. दोन रात्रींसाठी खिडकीची पुरते. आठवडाभर जायचं आणि पाय दुखणार असतील, तर बाल्कनीला थोडे जास्त गेले तरी चालतील, कारण समुद्र बसल्या जागी बघायला मिळतो. एकट्या जाणाऱ्या भगिनींनी आधीच विचारावं: पुष्कळ कंपन्या एका माणसाला जवळजवळ दोघांचं भाडं लावतात.

चौथा प्रश्न: उतरायचं कसं?

जहाज कुठं थांबतं एवढंच विचारू नका, धक्क्याला लागतं का ते विचारा. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठं जहाज दूर उभं राहतं आणि प्रवाशांना हलत्या लहान बोटीत उतरावं लागतं. तरण्याताठ्यांना गंमत, आपल्या गुडघ्यांना शिक्षा. गोव्याला मुरगावच्या धक्क्यावर मात्र सरळ चालत उतरता येतं.

पाचवा प्रश्न: ही बोट पुढच्या हंगामातही असेल ना?

हसू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' मोठ्या थाटात सुरू झाली, पुढे बंद पडली. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली, २०२० मध्ये तिची कंपनीच थांबली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून फिरू लागलं. हे जहाज १९९० सालचं, पूर्वीचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. जुनं म्हणून नाक मुरडू नका, जुनं घरही रंग-डागडुजी केली की छान राहतं. विचारायचं ते इतकंच, की शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली? आणि पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या: फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत की पुढच्या फेरीचं कूपन? आम्ही रद्द केली तर किती दिवस आधी किती कापणार? पावती कंपनीच्या नावाची हवी. ओळखीच्या एजंटाला रोख पैसे देऊ नका, मग तो भाच्याचा मित्र का असेना.

आता तुमच्यापुरतं

ताई, तुमच्या जागी मी असते तर थेट परदेशी राजेशाही जहाजावर पैसे घातले नसते. आधी मुंबई-गोव्याची दोन-तीन रात्रींची फेरी केली असती. पासपोर्टची कटकट नाही, ओळखपत्रावर काम होतं. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, भाषेची अडचण नाही. यांना बोट सोसते की नाही, तुमचे गुडघे किती चालतात, हे थोडक्या खर्चात कळेल. माघ महिना उत्तम. हिवाळ्यात अरबी समुद्र शांत असतो. पावसाळ्यात चुकूनही जाऊ नये. जमलं आणि आवडलं, तर पुढे लहान जहाजावरचा तो मोठा थाट. तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि परदेशी सहलीवर कापला जाणारा टीसीएस हे सगळं हिशेबात धरा. टीसीएसची रक्कम विवरणपत्र भरताना आपल्या आयकरात धरली जाते, म्हणून तो कागद जपून ठेवा.

निघताना एवढं पाळा:

आदल्या दिवशीच मुंबई गाठा. लातूर एक्सप्रेस काय किंवा नांदेडहून नंदीग्राम, देवगिरी काय, गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. सीएसएमटीहून बॅलार्ड पियरचं टर्मिनल टॅक्सीनं अगदी जवळ आहे.

रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मोठं सामान खोलीत यायला संध्याकाळ होते. बोट लागण्यावरची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, रक्तदाबाच्या औषधाबरोबर चालते का ते त्यांनाच कळणार. आवळासुपारी, आल्याची वडी जवळ असू द्या. उपाशीपोटी राहू नका आणि मळमळलं तर मोकळ्या हवेत जाऊन दूर क्षितिजाकडे बघा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, म्हणून विमा हवा.

इस्त्री आणि पाणी तापवायची किटली नेऊ नका, आगीच्या भीतीनं काढून घेतात. घरचा शिजवलेला डबाही बहुधा चढू देत नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेपुरतीच बांधा!

चप्पल रबरी तळाची, न घसरणारी. साडी अगदी चालते, पण डेकवर वारा भरतो, पदर पिनेनं घट्ट लावा.

सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं आणि संकटात कुठं जमायचं ते दाखवतात. तेव्हा चहा पीत बसू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, ३२ माणसं गेली. त्या जहाजावर नव्यानं चढलेल्या पुष्कळ प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम आहे. यजमानांनाही ओढून न्या.

आणि वन्संचं काय झालं म्हणता? मागच्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा विचारलं. या वेळी वही पुढ्यात ठेवून 'आत' आणि 'बाहेर' वाचून दाखवलं, एकूण रकमेचा आकडा आधीच सांगितला. मग तयार झाल्या. मुंबई-गोवा, दोन रात्री. खालच्या मजल्यावर मधोमध दोन खोल्या, खिडकीच्या. ह्यांना शिडी चढावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर वन्सं खोलीत नव्हत्या. शोधत वर गेले. डेकवर खुर्ची ओढून, शाल गुंडाळून बसल्या होत्या. पहाटेच उठायची सवय, टँकरच्या दिवसांपासूनची. मला बघून बाजूची खुर्ची पुढे सरकवली, म्हणाल्या, "बस गं वैनी. आज काही भरायचं नाही."

तेव्हा ताई, यजमानांना हे पान वाचायला द्या. आणि 'आत'-'बाहेर'चा हिशेब त्यांच्याच हातून मांडून घ्या. आकडा त्यांनी स्वतः काढला की नाही म्हणणं अवघड जाईल, बघा. जाऊन आलात की पत्र पाठवा, वाट बघते.